दंडावरचा सेन्सर आणि घरातला राग: फ्रीस्टाइल लिब्रे, जोडीदाराच्या नजरेतून

मधुमेहात साखर सतत मोजणाऱ्या फ्रीस्टाइल लिब्रे सेन्सरबद्दल जे काही लिहिलं जातं, ते ज्याच्या दंडावर तो बसतो त्याच्यासाठी असतं. हा आढावा त्या घरातल्या दुसऱ्या माणसासाठी आहे. दुपारी साडेबाराला काही कारण नसताना ज्याला बोलणी खावी लागतात, चहा गार झाल्यावरून ज्याच्यावर आवाज चढतो आणि तासाभराने समोरचा काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पेपर वाचत बसलेला दिसतो, त्याच्यासाठी. अशा घरात एक प्रश्न वर्षानुवर्षं घुटमळत राहतो: हा राग साखरेचा की स्वभावाचा? सेन्सर त्याचं बरंचसं उत्तर देतो. पण चुकीच्या पद्धतीने वापरला, तर भांडणाला आणखी एक विषय मिळतो.

मत आधीच सांगून टाकायचं तर, तुमचा जोडीदार इन्सुलिनवर असेल किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी घेत असेल आणि चिडचिडीला ठरावीक वेळ आहे अशी शंका असेल, तर दोन सेन्सरांचा खर्च जरूर करावा. फक्त मेटफॉर्मिन, किंवा सोबत सिटाग्लिप्टिन-विल्डाग्लिप्टिनसारखी गोळी असेल, तर साखर धोकादायक खाली जाण्याची शक्यता फार कमी असते. तिथे हे पैसे आधी बी-१२, थायरॉइड आणि झोपेच्या तपासणीवर घालवलेले बरे.

तीन महिन्यांचा एचबीए१सी (सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) चांगला आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात घ्यावा. एचबीए१सी ७ म्हणजे सरासरी साखर साधारण १५४. ही सरासरी दिवसभर १३० ते १८०मध्ये राहूनही येते आणि दुपारी ५५, रात्री २५० असे हेलकावे खाऊनही येते. रिपोर्ट दोघांचा सारखाच. घरातलं वातावरण मात्र सारखं नसतं.

साखर उतरली की राग का येतो, हे समजलं तर निम्मं काम होतं. मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी वीसेक टक्के तो एकटा खातो, आणि मुख्यतः ग्लुकोजवरच चालतो. साखर ७०च्या खाली जायला लागली की शरीर अॅड्रिनलिन सोडतं. हेच संप्रेरक भांडायला किंवा पळायला तयार करतं. हात थरथरणं, घाम, धडधड, भूक आणि चिडचिड ही सगळी त्याचीच कामं. ५४च्या खाली मेंदूलाच कमी पडायला लागतं. मग हट्टीपणा, एकच वाक्य परत परत म्हणणं, "मला काही झालेलं नाही" असं ठासून सांगणं सुरू होतं. या टप्प्यावर विचार करणारा मेंदूच उपाशी असतो, त्यामुळे समजावून उपयोग नसतो. नंतर त्यातलं बरंचसं त्याला आठवतही नाही. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर लपते, घाम लपत नाही. अशा माणसाचा कपाळावरचा गार घाम हीच खूण धरायची.

आता वस्तूकडे. साडेतीन सेंटिमीटर व्यासाची चकती, दंडाच्या मागच्या बाजूला चिकटते. तिची केसासारखी बारीक तार कातडीखाली सुमारे पाच मिलिमीटर जाते. ती रक्तातली नाही, पेशींच्या अवतीभवतीच्या द्रवातली साखर मोजते. म्हणून आकडा रक्तापेक्षा पाच-दहा मिनिटं मागे असतो. हा उशीर विसरला की पुढच्या बऱ्याच चुका होतात.

विकत घेताना खोक्यावरचं नाव नीट वाचा. मूळ लिब्रे १४ दिवस चालतो, फोन किंवा रीडर (आकडे दाखवणारं वेगळं छोटं यंत्र) जवळ नेऊन स्कॅन करावा लागतो आणि साखर खाली गेली तरी तो गजर देत नाही. लिब्रे २ प्लस १५ दिवस चालतो, आकडे आपोआप फोनवर पाठवतो आणि गजर देतो. रात्री साखर उतरणाऱ्या माणसासाठी गजर नसलेला सेन्सर घेण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट, सेन्सर सुरू करायला फोनमध्ये एनएफसी (फोन नुसता जवळ नेऊन माहिती घेण्याची सोय) लागतं आणि स्वस्तातल्या बऱ्याच फोनमध्ये ते नसतं. खोकं उघडण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये पाहून घ्या, नाहीतर वेगळा रीडर घ्यावा लागेल. सेन्सर सुरू करायचा तो मधुमेह असलेल्या माणसाच्या फोनवरून, जोडीदाराच्या नाही. यामागे सोयीइतकाच मानाचाही प्रश्न आहे; त्याबद्दल पुढे.

लावताना दंड साबणाने धुवा, तेल किंवा क्रीम नको, अल्कोहोलच्या पुसणीने पुसून पूर्ण वाळू द्या. केस दाट असतील तर आधी काढा. ब्लाउजची घट्ट बाही जिथे संपते ती जागा टाळा. काढता-घालताना चकती तिथेच अडकते. मुंबई-कोकणातल्या घामात कड सुटते, वरून टेप लावायला हरकत नाही, फक्त मधलं छोटं छिद्र झाकू नका. आंघोळीला काही होत नाही. पोहताना एक मीटर खोल आणि अर्धा तास ही मर्यादा. एमआरआयच्या आधी सेन्सर काढावा लागेल का, ते विचारून घ्या. काढताना कडेला खोबरेल तेल लावलं की कातडी ओढली जात नाही.

सुरू केल्यावर तासाभराने आकडे दिसू लागतात, पण पहिल्या दिवसाचे आकडे फार मनावर घेऊ नका. तार नुकतीच गेलेली असते, आकडे भरकटतात. पहिल्याच संध्याकाळी "बघ, तुझी साखर साठ आहे" म्हणून घरात धावपळ होते आणि बोटातून रक्त काढून पाहिलं तर ८८ निघतं. मग सेन्सर लावलेल्या माणसाचा यंत्रावरचा विश्वास उडतो तो उडतोच. शिवाय रोज ५०० मिलिग्रॅम किंवा जास्त व्हिटॅमिन सी घेणाऱ्याचा आकडा खऱ्यापेक्षा वर दिसू शकतो, म्हणजे खाली गेलेली साखर लपते. सर्दीसाठी चघळायच्या संत्र्याच्या चवीच्या गोळ्या यातच येतात. त्या पंधरा दिवसांत बंद ठेवाव्यात.

घरच्यांनी आकड्यापेक्षा बाण वाचायला शिकावं. सरळ खाली बाण म्हणजे मिनिटाला दोनपेक्षा जास्त वेगाने साखर उतरतेय. तिरका खाली म्हणजे एक ते दोन. आडवा म्हणजे स्थिर. ९५ आणि आडवा बाण असेल तर काळजी नाही. ९५ आणि सरळ खाली बाण असेल तर पंधरा मिनिटांत आकडा ६५ किंवा त्याहूनही खाली. आवाज चढण्याची वेळ बहुतेकदा हीच असते, आणि ग्लुकोमीटरवर ९५ दिसल्यामुळे "साखर तर ठीक आहे, हा मुद्दामच करतोय" असा निष्कर्ष निघतो. या सेन्सरने एवढी एक गैरसमजूत दूर केली तरी पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

आता मुख्य काम: रागाची वही. वहीशिवाय सेन्सर लावणं म्हणजे निम्मे पैसे पाण्यात. वही दोघांच्या संमतीने, दोघांना दिसेल अशी ठेवायची. प्रत्येक नोंदीत वेळ, आकडा, बाण, शेवटचं खाणं कधी आणि काय, गोळी किंवा इन्सुलिन कधी, रात्री किती वेळा उठावं लागलं. राग किती, हे एक ते पाचमध्ये. काय बोलणं झालं ते लिहायचं नाही. लिहिलं की ती वही राहत नाही, आरोपपत्र होतं. आकडा भांडणाच्या मधे हात ओढून घ्यायचा नाही. लिब्रे आठ तासांची माहिती साठवतो, त्यामुळे वाद थंडावल्यावर स्कॅन केलं तरी मागचा आलेख मिळतो. आणि शांत वेळांच्याही नोंदी करा. फक्त रागाच्या वेळा लिहिल्या तर तुलना करायला काही उरत नाही.

दोन आठवड्यांनी वही आणि आलेख शेजारी ठेवले की काही नमुने नेहमी दिसतात. सकाळी ३०/७० (मिश्र) इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर अकरा ते एकच्या दरम्यान उतरते. जेवण दीडवर गेलं की साडेबाराचं भांडण ठरलेलं. रात्रीच्या डोसमुळे दोन-तीनच्या सुमाराला उतरते: झोपेत बडबड, घामाने ओली उशी, सकाळी डोकं दुखतं आणि उठल्याउठल्या तिरसटपणा. सकाळी ग्लिमेपिराइड आणि त्या दिवशी संकष्टी, चंद्रोदय रात्री नऊनंतर, मधे वाटीभर साबुदाण्याची खिचडी. खिचडीने साखर आधी झपकन वर जाते, मग गोळी आपलं काम करत राहते, आणि संध्याकाळी सातला देवघरासमोरच धुसफूस सुरू होते. उपवास करायचाच असेल तर त्या दिवशीच्या गोळीचं काय करायचं हे आदल्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने गोळी सोडणं हा उपाय नाही.

चढलेल्या साखरेचा राग वेगळा असतो. तो भडकत नाही, कुरकुरत राहतो. अडीचशेच्या वर तास न् तास राहिलेला माणूस तहानलेला, जड, कंटाळलेला असतो, रात्री तीन-चारदा लघवीला उठतो आणि दुसऱ्या दिवशी अपुऱ्या झोपेवर बोलतो. तिथे गोड देऊन चालत नाही, हे सांगायला नको. पण आकडा न बघता "चिडलाय म्हणजे लो असेल" म्हणून सरबत देणारी घरं पुष्कळ आहेत.

फारसा कुठे न सांगितला जाणारा एक तिसरा प्रकारही आहे. ज्याची साखर बरेच महिने तीनशेच्या घरात होती आणि नव्या औषधाने ती भराभर खाली आली, त्याला १००-११०लाच थरथर, घाम, चिडचिड होते. शरीराला वरच्या आकड्याची सवय झालेली असते. सेन्सर "ठीक" म्हणतो आणि माणूस खरंच हैराण असतो. तो नाटक करत नसतो. काही आठवड्यांत हे ओसरतं. डॉक्टरांना सांगितलं तर ते साखर जरा सावकाश उतरवतात.

साखर खरंच ७०च्या खाली असेल तेव्हा काय करायचं, हे शांत दिवशी ठरवून ठेवा. १५ ग्रॅम पटकन लागणारी साखर: तीन छोटे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, किंवा तेवढीच घरची साखर, किंवा साधारण १५० मिलिलिटर साधं (डाएट नसलेलं) कोल्ड्रिंक. पेढा, चॉकलेट, लाडू नको. तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आता एक फार महत्त्वाची गोष्ट. गोळीच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज लिहिलेलं असेल, तर साधी साखर, गूळ, बिस्किट यांचा परिणाम फार उशिरा होतो, कारण ती गोळी साखर फोडणारं विकरच अडवते. तिथे ग्लुकोज पावडरच हवी. आपल्याकडे ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज एकाच गोळीत सर्रास दिलं जातं, म्हणून पाकीट आजच वाचा. ग्लुकोजची डबी उशाशी, गाडीत आणि बॅगेत ठेवा.

द्यायची पद्धतही महत्त्वाची. "तुझी शुगर लो झालीय का?" विचारलं की उत्तर "नाही"च येणार. प्रश्न नको, वाद नको. पेला तयार करून समोरून हातात द्या, एवढंच म्हणा: "अहो, हे आधी प्या, मग बोलू." आवाज खाली, वाक्य लहान. मागून धरू नका, गोंधळलेला माणूस दचकून हात चालवतो. गाडीची किल्ली आधी बाजूला ठेवा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि हे मोजणं बोटातून करा. सेन्सर मागे चालतो, त्यामुळे रक्तात साखर वर आलेली असताना तो अजून ६२च दाखवत असतो. तो बघून दुसरा, तिसरा पेला दिला जातो आणि दोन तासांनी २८०. मग पुढचा अर्धा दिवस कुरकुरीचा.

आकडा वर आला म्हणजे माणूस लगेच ताळ्यावर येत नाही. मेंदू सावरायला साधारण पाऊण तास लागतो. "आता बोल, का ओरडलास?" हे त्या पाऊण तासात विचारू नका. जेवणाला वेळ असेल तर पोळी किंवा भाकरीचा एखादा तुकडा द्या. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीमुळे साखर उतरली असेल तर ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते, विशेषतः किडनी कमजोर असेल तर. त्या रात्री लक्ष ठेवावं लागतं. माणूस बेशुद्ध झाला किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवून १०८ला फोन करायचा.

रात्रीच्या गजराची एक अडचण आहे. सेन्सर असलेल्या दंडावर झोपलं की दाबामुळे आकडा खोटाच खाली दिसतो. दोन वाजता गजर, पत्नी घाबरून उठते, नवऱ्याला हलवून उठवते, रक्तात १२० निघतं आणि पहाटेपर्यंत दोघांची झोप मोडते, वर भांडण. म्हणून ज्या कुशीवर झोपायची सवय आहे त्याच्या विरुद्ध हातावर सेन्सर लावा. गजर वाजला तर कूस बदलायला लावून पाच-दहा मिनिटं थांबा, बोटातून पाहा. घाम किंवा असंबद्ध बोलणं असेल तर मात्र थांबू नका, ग्लुकोज द्या.

लिब्रेलिंकअप नावाच्या अॅपमधून जोडीदाराला आपल्या फोनवर आकडे दिसतात. ही सोय मोठी आहे आणि घातकही. ऑफिसात बसलेल्या माणसाला "दोनशे दहा? काय खाल्लंस?" असा मेसेज गेला की तो घरी रागातच येणार, आणि तो राग साखरेचा नसेल, पाळत ठेवल्याचा असेल. घरी ठरवून घ्या: ७०च्या खाली गेलं तरच फोन करायचा, वरच्या आकड्यांबद्दल त्याने स्वतः काढल्याशिवाय विषय नाही. अॅप जोडायचं की नाही हा निर्णय ज्याचा दंड त्याचा. आणि दुसरी चूक याहून वाईट: त्याची प्रत्येक तक्रार "तुझी साखर बघ आधी" म्हणून उडवून लावणं. मधुमेह असलेल्या माणसालाही खरी कारणं असतात. आकडा १३० असताना तो रागावला असेल, तर त्याचं म्हणणं ऐकून घ्यावंच लागेल.

ज्या घरात आकडा हाच वादाचा विषय होतो, तिथे डॉक्टरांकडून लिब्रे प्रो लावून घ्या असं मी सुचवेन. दिसायला तसाच, १४ दिवस दर पंधरा मिनिटांची नोंद, पण आकडे घरी कुणालाच दिसत नाहीत. शेवटी डॉक्टर आपल्या रीडरवर काढतात. घरी फक्त वही चालवायची. त्या क्षणी साखर उतरली तर हा काहीच सांगत नाही, तेव्हा बोटातून तपासणी चालूच ठेवावी लागते. पण वही आणि आलेख पहिल्यांदाच शेजारी येतात तेव्हा कुणी कुणावर कुरघोडी करू शकत नाही.

सेन्सर काय सांगू शकत नाही तेही ठाऊक हवं. रात्री पायांची आग होत असेल तर माणूस चिडतो आणि आलेख सरळ असतो. बरीच वर्षं मेटफॉर्मिन घेतल्यावर बी-१२ कमी होतं, त्यातूनही पायांच्या मुंग्या आणि चिडखोरपणा येतो. मोठ्याने घोरणाऱ्या माणसाची झोपच पुरी होत नाही. नवऱ्यांच्या बाबतीत लैंगिक अडचण फार वेळा रागाच्या मागे दडलेली असते आणि तिच्याबद्दल बोललंच जात नाही. मधुमेहात ती कायम आढळते आणि तिच्यावर उपचार आहेत. शिवाय रोज पथ्य, रोज सुई, रोज आकडे यांचा शीण वेगळाच. तो नैराश्याकडे जात असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीत बोलता येतं. जोडीदारानेही स्वतःसाठी हा नंबर वापरावा.

आणि आलेख स्वच्छ असताना मारहाण, वस्तू फेकणं, शिवीगाळ होत असेल, ती फक्त घरातच, फक्त तुमच्यावरच होत असेल आणि नंतर त्याला सगळं नीट आठवत असेल, तर साखरेचं नाव पुढे करू नका. महिलांसाठी १८१, तातडीला ११२. साखर उतरलेली असताना हात उगारला गेला असेल तरी आधी स्वतः आणि मुलं बाजूला व्हा, मग मदतीला फोन करा. आजार खरा असला तरी मार सोसण्याचं बंधन त्यातून येत नाही.

खर्चाचं बोलायचं तर एक सेन्सर पाच हजारांच्या घरात पडतो; वर्षभर सलग लावला तर सव्वा लाखाच्या आसपास. दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्या, किंवा साखर उतरल्याचं स्वतःला कळेनासं झालेल्या माणसासाठी झेपत असेल तर तो कायम असावा. बाकीच्यांना दोन पुरतात, पण दोन्ही लागोपाठ लावू नका. पहिला आता, वहीसकट. त्याचा आलेख घेऊन डॉक्टरांकडे जा आणि चार आकडे विचारा: ७० ते १८०मध्ये किती टक्के वेळ (सत्तरच्या वर हवा), ७०च्या खाली किती (चारच्या आत), ५४च्या खाली किती (एकच्या आत) आणि रागाच्या नोंदींपैकी किती उतरत्या बाणावर पडल्या. वयस्कर माणसासाठी डॉक्टर ही उद्दिष्टं सैल करतील. डोस, वेळ किंवा गोळी बदलून तीनेक आठवडे गेले की दुसरा सेन्सर लावा, तीच वही पुढच्या पानावर चालू ठेवा आणि साडेबाराच्या ओळी मोजा.